धागा: एकच ओळ, कुठे सहा तुकडे, कुठे चार, कुठे तीन (स्ट्रिंग स्प्लिट)

अर्धविराम

एका भाषेतल्या प्रोग्रॅमने लिहिलेली ओळ दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमने वाचायची, मध्ये सेपरेटर म्हणून फक्त स्वल्पविराम. काम सरळ दिसतं, पण ही ओळ बघा:

`१०१,निळा,,४०,,`

पाच स्वल्पविराम, म्हणजे सहा रकाने. पायथन, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट, सी शार्प, कोटलिन आणि पीएचपीचं एक्सप्लोड सहा तुकडे देतात. जावा, रुबी आणि पर्ल चारच देतात. सी मधलं ओळ तोडणारं फंक्शन स्ट्रटॉक तर तीन. एरर मात्र कोणीच देत नाही, म्हणून घोळ पुढे तिसरीकडेच उगवतो.

सेपरेटरपाशी ओळ तोडून तुकडे करणं म्हणजे स्प्लिट. ते लिहिताना कोण काय पाळतं ते इथे जमा करूया. कोड देवनागरीतच लिहिलाय, फंक्शनची नावं उच्चारावरून कळतील.

---

नलपॉइंटर

जावाचं आधी. `ओळ.स्प्लिट(",")` म्हणजे प्रत्यक्षात `ओळ.स्प्लिट(",", ०)`, आणि लिमिट शून्य असलं की शेवटचे सगळे रिकामे तुकडे टाकून दिले जातात. मधला रिकामा तुकडा राहतो, म्हणून हाती येतं `[१०१, निळा, "", ४०]`. उपाय एवढाच:

`ओळ.स्प्लिट(",", -१)`

ऋण आकडा कुठलाही चालतो, सगळे -१ लिहितात. ही सवय पर्लकडून आलेली आहे. पर्ल आणि रुबीतही लिमिट -१ दिलं की शेपटीचे रिकामे तुकडे शाबूत राहतात.

याचा त्रास असा की टेस्टच्या डेटात सगळे रकाने बहुधा भरलेले असतात. खऱ्या डेटात शेरा वगैरे शेवटचा रकाना रिकामा आला की `तुकडे[५]` वर इंडेक्सचं एक्सेप्शन, तेही हजारात एखाद्या ओळीवर. म्हणून जावात ठरावीक रकान्यांची ओळ तोडताना -१ नसेल, तर रिव्ह्यूमध्ये तिथेच थांबवावं.

स्ट्रटॉक याहून वाईट. ते लागोपाठचे सेपरेटर एकच धरतं, त्यामुळे मधला रिकामा रकानाही गायब आणि ४० एक घर डावीकडे सरकतो. एक्सेप्शन निदान ओरडून सांगतं. इथे चुकीच्या रकान्यात बरोबर दिसणारा आकडा जाऊन बसतो.

---

मुक्तकंस

स्ट्रटॉकबद्दल आणखी. ते मूळ स्ट्रिंगमध्येच सेपरेटरच्या जागी शून्य बाइट लिहितं. स्ट्रिंग लिटरल दिलं तर वर्तन अनिश्चित, बहुतेक ठिकाणी सेगमेंटेशन फॉल्ट. कुठपर्यंत पोचलो हे ते आतल्या स्टॅटिक पॉइंटरमध्ये ठेवतं, म्हणून ओळी तोडणाऱ्या लूपच्या आत रकाने तोडायला पुन्हा स्ट्रटॉक वापरलं की बाहेरचा लूप पहिल्याच ओळीनंतर संपतो. पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) स्ट्रटॉक_आर तो पॉइंटर तुमच्याकडून घेतं, तेवढ्यापुरता प्रश्न मिटतो. रिकामे तुकडे हवे असतील तर बीएसडी युनिक्सकडून आलेलं स्ट्रसेप.

आणि स्ट्रटॉकचा दुसरा आर्ग्युमेंट सेपरेटरची स्ट्रिंग नसते, तो अक्षरांचा संच असतो. `"::"` दिलं तरी ते एकाच `:` वर तुटतं.

---

शून्यापासून_मोजणी

लिमिटचा विषय निघालाच आहे तर: तो आकडा नक्की काय मोजतो, हे भाषेगणिक बदलतं.

ओळ घ्या `किल्ली=अबक==`. मूल्यात बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) असेल तर शेवटी `==` येणं नेहमीचंच. आपल्याला फक्त पहिल्या `=` वर तोडायचं आहे.

पायथनमध्ये `ओळ.स्प्लिट("=", १)`. इथे आकडा म्हणजे किती वेळा कापायचं, तुकडे त्याहून एक जास्त. जावा, रुबी, पर्ल, सी शार्प, पीएचपी, आणि गोच्या स्प्लिटएनमध्ये आकडा म्हणजे जास्तीत जास्त तुकडे, म्हणून तिथे २. रस्टमध्येही २, फक्त आकडा आधी आणि सेपरेटर नंतर. या सगळ्यांचं उत्तर एकच: `किल्ली` आणि `अबक==`.

जावास्क्रिप्टमध्ये `ओळ.स्प्लिट("=", २)` दिलं की येतं `["किल्ली", "अबक"]`. तिथे आधी सगळे तुकडे पाडतात, पहिले दोन ठेवतात आणि उरलेले फेकून देतात. `==` गेलं, टोकन बाद. पायथनमधून जावास्क्रिप्टमध्ये नेलेल्या कोडमध्ये हे फार सापडतं. तिथे इंडेक्सऑफने पहिल्या `=` ची जागा काढून दोन स्लाइस घ्यावेत, आणि जागा -१ आली तर काय हेही लिहून टाकावं.

माझ्या मते एकदाच कापायचं असेल तर स्प्लिट वापरूच नये. पायथनमध्ये पार्टिशन, गो १.१८ पासून स्ट्रिंग्ज.कट, रस्ट १.५२ पासून स्प्लिट_वन्स. सेपरेटर सापडलाच नाही ही शक्यता यांच्या उत्तरातच असते: कट तिसरी किंमत म्हणून खरं किंवा खोटं देतं, स्प्लिट_वन्स ऑप्शन देतं, पार्टिशन मधला तुकडा रिकामा ठेवतं. स्प्लिटमध्ये त्यासाठी लांबी तपासावी लागते, आणि ती कोणी तपासत नाही.

---

कोरीपाटी

प्रश्न: जावात आयपी पत्ता `स्प्लिट(".")` ने तोडला तर ॲरेची लांबी शून्य येते. -१ दिलं तर लांबी भलतीच मोठी, आणि सगळे तुकडे रिकामे. असं का?

---

उलटी_तिरकी

@कोरीपाटी, जावात तो आर्ग्युमेंट रेजेक्स, म्हणजे शोधायचा नमुना, असतो. रेजेक्समध्ये टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. म्हणजे तुमच्या पत्त्यातलं प्रत्येक अक्षरच सेपरेटर ठरलं, मध्ये उरले ते रिकामे तुकडे, आणि वर नलपॉइंटर यांनी सांगितलेल्या नियमाने तेही टाकले गेले. `"\\."` लिहा, किंवा सेपरेटर बाहेरून येत असेल तर पॅटर्न.कोट मधून पाठवा.

उभी रेघ `|` अशीच फसवते. तिचा अर्थ होतो "रिकामं किंवा रिकामं", जे प्रत्येक जागी जुळतं, म्हणून ओळ अक्षरागणिक तुटते. उभ्या रेघेने वेगळे केलेल्या फाइलींमध्ये हे हमखास दिसतं.

रेजेक्सला घाबरून वेगाची चिंता मात्र उगाच नको. सेपरेटर एकच साधं अक्षर असेल, किंवा उलटी तिरकी रेघ आणि एक चिन्ह असेल, तर जावा रेजेक्स इंजिनकडे जातच नाही, सरळ शोधतो. त्याहून मोठा पॅटर्न असेल तर तो लूपबाहेर एकदाच कंपाइल करावा.

पर्लमध्येही पहिला आर्ग्युमेंट पॅटर्न असतो. पायथन, गो, रुबी, जावास्क्रिप्टमध्ये साधी स्ट्रिंग दिली तर ती साधीच राहते. आणि कोटलिनचं स्प्लिट जावासारखं दिसत असलं तरी तिथे स्ट्रिंग म्हणजे स्ट्रिंगच, शेवटचे रिकामे तुकडेही राहतात. जावाचा कोड हाताने कोटलिनमध्ये आणला की दोन्ही बाजूंनी वर्तन बदलतं. `"\\."` तसंच ठेवलं तर ते खरोखर उलटी तिरकी रेघ आणि टिंब शोधत बसतं.

---

सरळधोपट

एवढा काथ्याकूट कशाला? रिकामे तुकडे गाळून टाकायचे, विषय संपला. सी शार्पमध्ये त्यासाठी रिमूव्हएम्प्टीएन्ट्रीज आहेच.

---

अर्धविराम

@सरळधोपट, ओळीत रकाने असतील तर तिसरा रकाना तिसऱ्या जागीच असायला हवा. गाळलं की स्ट्रटॉकचीच गत. रिकाम्या जागांनी वेगळे केलेले शब्द किंवा वापरकर्त्याने टाइप केलेले टॅग असतील तर खुशाल गाळा. तिथे दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काही नसणं याला अर्थ नाही, रकान्यांमध्ये आहे.

यातली पेचाची जागा म्हणजे रिकामी स्ट्रिंग. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो: रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली की एक तुकडा मिळतो, तोही रिकामा. रुबी आणि पर्ल रिकामी यादी देतात. यात चूक कोणाचीच नाही. शून्य टॅगांची यादी जोडली तरी `""` आणि एका रिकाम्या टॅगची यादी जोडली तरी `""`. लिहितानाच फरक पुसला गेला, आता वाचणाऱ्याला तो कळणार कुठून? डेटाबेसमध्ये टॅग असे साठवले असतील आणि कोणी `स्प्लिट(",").लेंथ` मोजत असेल, तर एकही टॅग नसलेल्या नोंदीवर १ दिसतो. तोडण्यापूर्वी स्ट्रिंग रिकामी आहे का हे वेगळं बघावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

---

सरळधोपट

रकान्यांचं पटलं. टॅगांसाठी गाळणंच ठेवतो. पण मग गाळण्याआधी ट्रिम करायला हवं, नाहीतर `लाल, ,निळा` मधला एक स्पेसवाला तुकडा गाळणीतून सुटतो.

---

मुक्तकंस

बरोबर, क्रम आधी ट्रिम, मग गाळणे. सी शार्पमध्ये डॉटनेट ५ पासून ट्रिमएन्ट्रीज आहे. दोन्ही पर्याय एकत्र दिले तर तो हाच क्रम पाळतो.

---

बाइटखाऊ

मोकळ्या जागेवर तोडणं हे वेगळंच प्रकरण आहे. पायथनमध्ये `" अ  ब "` ही स्ट्रिंग, मध्ये दोन स्पेस. `स्प्लिट()` देतं `["अ", "ब"]`. `स्प्लिट(" ")` देतं `["", "अ", "", "ब", ""]`. कंसात काही नसताना मोकळ्या जागेची सलग रांग एक सेपरेटर ठरते आणि दोन्ही टोकं झटकली जातात. गोमध्ये हेच काम फील्ड्स करतं, रस्टमध्ये स्प्लिट_व्हाइटस्पेस.

आता "मोकळी जागा" म्हणजे काय, इथेही एकमत नाही. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात नो-ब्रेक स्पेस असते. पायथनचं रिकाम्या कंसाचं स्प्लिट आणि गोचं फील्ड्स तिच्यावर तोडतात, जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधलं `\एस` सुद्धा. जावाच्या रेजेक्समधलं तेच `\एस` मूळ सेटिंगमध्ये फक्त आस्की ओळखतं, आणि जावा ११ मधलं स्ट्रिप सुद्धा नो-ब्रेक स्पेसला हात लावत नाही. झीरो विड्थ स्पेस तर यांच्यापैकी कोणीच मोकळी जागा मानत नाही. दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात आणि तुलना खोटी येते, तेव्हा आधी कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) छापून बघावेत.

फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) हाही त्यातलाच. पहिल्या रकान्याचं नाव `क्रमांक` दिसतं, पण त्या नावाने शोधलं तर सापडत नाही. पायथनचं स्ट्रिप त्याला काढत नाही, जावास्क्रिप्टचं ट्रिम काढतं. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग `यूटीएफ-८-सिग` द्यावं.

---

शून्यापासून_मोजणी

ओळी तोडण्याचंही इथेच लिहितो.

न्यूलाइनवर स्प्लिट केलं तर फाइलच्या शेवटच्या न्यूलाइननंतर एक रिकामा तुकडा येतो, आणि विंडोजवरून आलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्याला कॅरेज रिटर्न चिकटून राहतो. टर्मिनलवर छापलं तर दिसत नाही. पायथनचं स्प्लिटलाइन्स दोन्ही सांभाळतं.

पण स्प्लिटलाइन्स गरजेपेक्षा जास्त हुशार आहे. व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड, युनिकोडचे लाइन सेपरेटर आणि पॅराग्राफ सेपरेटर, एवढंच काय, नेक्स्ट लाइन नावाचं कंट्रोल कॅरेक्टर, या सगळ्यांवर ते ओळ तोडतं. एका ओळीत एक जेसन असलेली फाइल असेल तर हे महागात पडतं, कारण जेसनच्या स्ट्रिंगमध्ये युनिकोडचा लाइन सेपरेटर तसाच कच्चा असायला परवानगी आहे. ओळ मध्येच तुटते आणि पार्सर बरोबर असलेल्या जेसनवर ओरडतो. फाइल ऑब्जेक्टवर सरळ लूप चालवला तर तो फक्त न्यूलाइन, कॅरेज रिटर्न आणि त्यांची जोडी एवढंच ओळखतो. अशा फाइलींना तेच वापरावं.

---

बाइटखाऊ

एन्कोडिंगचा मुद्दा यायला हवा, विशेषतः आपल्या लिपीसाठी.

यूटीएफ-८ मध्ये आस्कीबाहेरच्या अक्षरातला प्रत्येक बाइट हेक्स ८० किंवा त्याच्या वर असतो. म्हणून डीकोड न करता बाइट्सवरच स्वल्पविराम किंवा टॅब शोधून तोडलं तरी देवनागरी अक्षराला धक्का लागत नाही.

यूटीएफ-१६ मध्ये हे केलंत तर संपलं. देवनागरीचा सगळा पट्टा ०९०० ते ०९७एफ, म्हणजे प्रत्येक अक्षरातला एक बाइट ०९, आणि ०९ म्हणजे टॅब. `ब` आहे ०९२सी, त्यातला २सी म्हणजे स्वल्पविराम. `ठ` ०९२०, त्यात २० म्हणजे स्पेस. `ऊ` ०९०ए, तिच्यात चक्क न्यूलाइन. बाइट्सवर काम करणारं कुठलंही हत्यार अशा फाइलीचा भुगा करतं. आधी डीकोड, मग स्प्लिट.

उलटा अपघातही आहे. यूटीएफ-८ फाइल चुकून लॅटिन-१ म्हणून वाचली आणि पायथनचं `स्प्लिट()` चालवलं. `ठ` चे तीन बाइट ई०, ए४, ए०, आणि लॅटिन-१ मध्ये ए० म्हणजे नो-ब्रेक स्पेस. `अ` चा शेवटचा बाइट ८५, म्हणजे नेक्स्ट लाइन. दोन्ही मोकळी जागा म्हणून गिळले जातात. नुसतं चुकीचं वाचन असतं तर उलट एन्कोड करून मजकूर परत मिळाला असता. स्प्लिटनंतर तो बाइटच उरत नाही. बाकी सगळं ठीक आणि फक्त `अ` आणि `ठ` फुटलेले दिसले, तर इथे बघा.

---

कोरीपाटी

आणि अक्षरागणिक तोडायचं असेल तर? जावास्क्रिप्टचं `स्प्लिट("")` मात्रा वेगळ्या करतं.

---

बाइटखाऊ

ते यूटीएफ-१६ ची एककं वेगळी करतं. `क्षितिज` चे सात तुकडे पडतात: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. इमोजी असेल तर तो अर्ध्यात चिरला जातो. तीन ठिपके टाकून ॲरेत पसरलं तर इमोजीचा कोडपॉइंट अखंड राहतो, पण मात्रा सुट्याच राहतात.

हवं ते जावास्क्रिप्टचंच इंटल.सेगमेंटर देतं. जोडाक्षराबाबत मात्र आवृत्ती बघावी लागते: जुन्या नियमाने `क्षितिज` चे चार तुकडे, कारण हलन्तानंतर तुटायचं, २०२३ च्या युनिकोड १५.१ मधल्या नियमाने `क्षि`, `ति`, `ज` असे तीन. पायथनमध्ये बाहेरून घ्यायचं रेजेक्स मॉड्यूल आणि त्यातलं `\एक्स`.

संदेश ठरावीक लांबीचे तुकडे करून पाठवणाऱ्यांनीही हे वापरावं. तुकडा मात्रेपासून सुरू झाला की पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी दिसते.

---

नलपॉइंटर

सॉकेटवरून तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या डेटाचं राहिलं. ४०९६ बाइट वाचले, लगेच डीकोड केलं, लगेच तोडलं, असं करू नये. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, वाचन त्याच्या मधोमध थांबू शकतं. कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइनची जोडीही दोन वाचनांत विभागली जाते. बाइट्सवर न्यूलाइन शोधा, शेवटच्या न्यूलाइनपर्यंतचं घ्या, उरलेली शेपटी पुढच्या वाचनाच्या पुढे जोडा, डीकोड पूर्ण ओळीलाच करा. त्या शेपटीला कमाल मर्यादा घाला, नाहीतर न्यूलाइन न पाठवणारा क्लायंट मेमरी खात राहील.

मेमरीवरून: गोमध्ये स्प्लिटचे तुकडे मूळ स्ट्रिंगच्याच मेमरीकडे बोट दाखवतात. ५० एमबीच्या मजकुरातून १० बाइटचा तुकडा मॅपमध्ये ठेवला तर ५० एमबी अडकून राहतात. तिथे स्ट्रिंग्ज.क्लोन. जावा पूर्वी असंच करायचा, जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून सबस्ट्रिंगची प्रत बनते.

---

सरळधोपट

माझ्या फाइलीत अशी ओळ आहे: `१०१,"निळा, गडद",४०`. अवतरणाबाहेरच्या स्वल्पविरामावरच तोडणारा, पुढची अवतरणचिन्हं मोजणारा रेजेक्स सापडला. चालतोय.

---

उलटी_तिरकी

तो रेजेक्स प्रत्येक स्वल्पविरामापाशी ओळीच्या शेवटापर्यंत बघून येतो. ओळ दुप्पट झाली की काम साधारण चौपट. शिवाय तुकड्यांभोवतीची अवतरणं तशीच राहतात, आतली दुहेरी `""` एकेरी होत नाही, आणि रकान्याच्या आत न्यूलाइन असेल तर ओळ तुमच्या हातात येतानाच अर्धी असते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली फाइल, तिच्याबद्दलच्या २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये हे तिन्ही प्रकार मान्य आहेत. सीएसव्हीला स्प्लिट लावू नका, प्रत्येक भाषेत पार्सर आहे. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरताना फाइल `न्यूलाइन=""` देऊन उघडा, नाहीतर रकान्यातल्या ओळींचे शेवट बदलू शकतात.

साधं स्प्लिट तिथेच, जिथे सेपरेटर डेटात येऊच शकत नाही याची खात्री लिहिणारा देतो.

---

शेलमधला_किडा

म्हणून टॅब वापरणाऱ्यांसाठी एक सापळा. बॅश शेलमध्ये आयएफएसला (सेपरेटर ठरवणारं व्हेरिएबल) फक्त टॅब देऊन रीडने ओळ तोडली, तर रिकामे रकाने गळतात. स्पेस, टॅब आणि न्यूलाइन ही आयएफएसमध्ये मोकळी जागा समजली जातात आणि त्यांची सलग रांग एकच सेपरेटर होते. तोच डेटा स्वल्पविरामाने असता तर मधला रिकामा रकाना टिकला असता.

---

अर्धविराम

मग शेलमध्ये टॅबची फाइल कशाने वाचायची?

---

शेलमधला_किडा

ऑक या कमांडला सेपरेटर म्हणून स्पष्ट टॅब द्या, ते प्रत्येक टॅब वेगळा मोजतं. सेपरेटर न देता किंवा एकच स्पेस देऊन चालवलं तर तेही रांग एकत्र करतं. एखादाच रकाना हवा असेल तर शेलची कट कमांड पुरे, त्याचा मूळ सेपरेटर टॅबच आहे. फक्त ज्या ओळीत टॅब नाही ती ओळ कट अख्खी छापून टाकतं, म्हणून सोबत `-एस` लावा.